अनंत, हिराकस आणि पन्नास वर्षांचं दप्तर

सहकारनगरातल्या आमच्या बागप्रेमी मंडळाच्या इतिहासाचं काम : माझ्या नोंदी

९ जून २०२४, रविवार

सभेत चहाचे कप गोळा करायला उठले आणि परत येईपर्यंत काम माझ्या नावावर लागलं होतं. जानेवारीच्या प्रदर्शनात मंडळाचा सुवर्णमहोत्सव आहे, तेव्हा इतिहासाचे चार फलक हवेत, प्रत्येकी तीन बाय चार फूट. "तुम्ही बँकेत होतात, तुम्हाला जुने कागद वाचायची सवय," अध्यक्ष म्हणाले. बँकेत मी जन्मभर रोकड मोजली. पण असो.

दप्तर म्हणजे एक पत्र्याची ट्रंक आणि खताचं एक रिकामं पोतं. ट्रंकेत इतिवृत्ताची सहा रजिस्टरं, पावतीपुस्तकं, कोपरे सुटलेला एक फोटो अल्बम आणि फिरत्या चषकाचं झाकण. चषक कुणाकडे आहे ते कुणालाच आठवत नाही. पोत्यात स्पर्धांची पत्रकं, सुतळीने बांधलेली. चौथं रजिस्टर उचललं तर हातात नुसता पुठ्ठा आला. मधली आठ वर्षं वाळवीने वाचून काढली आहेत.

१२ जून, बुधवार

उरलेली पाच रजिस्टरं वाचून झाली. ती वाचून असं वाटावं की पन्नास वर्षांत मंडळात एकही भांडण झालं नाही. 'विषय क्र. ३ वर सविस्तर चर्चा झाली.' 'खेळीमेळीच्या वातावरणात सभा पार पडली.' ज्या सभेत डेलियाच्या बक्षिसावरून दोन सभासदांनी एकमेकांशी बोलणं टाकलं आणि पुढे ११ वर्षं ते बोलले नाहीत, ती सभासुद्धा खेळीमेळीतच संपली आहे. मला माहीत आहे, कारण त्यातले एक माझे सासरे.

आजची चूक लिहून ठेवते. कागदांना दमट वास येत होता म्हणून गच्चीत उन्हाला घातले आणि फोन वाजला म्हणून खाली गेले. जूनमध्ये पुण्याच्या उन्हावर विसंबायचं नसतं हे मला या वयात कळायला हवं होतं. एक अख्खं पावतीपुस्तक आता पान पान करून इस्त्रीखाली आहे. निळ्या शाईच्या सह्या एकमेकींत मिसळून गेल्यात.

१६ जून, रविवार

खरा इतिहास पोत्यात निघाला.

स्पर्धेची पत्रकं सालवार जमिनीवर मांडली आणि फक्त वर्गवारी वाचत गेले. सगळ्यात जुन्या पत्रकात पहिला वर्ग आहे 'बंगल्याभोवतीची बाग, ५ गुंठ्यांपर्यंत', दुसरा 'हिरवळ', तिसरा 'मेंदीचं कुंपण'. परीक्षक सायकलवर घरोघर जायचे. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी हिरवळ गळली आणि 'निवडुंग व मांसल वनस्पती' आणि 'बोन्साय' आले. मग 'बाल्कनी'. मग 'गच्चीवरची भाजी' आणि 'घरच्या कचऱ्याचं खत'. गेल्या वर्षी आपणच 'खिडकीच्या जाळीतली बाग' हा वर्ग घातला आणि त्यालाच सगळ्यात जास्त प्रवेशिका आल्या. गुंठ्यांवरून फुटांवर, फुटांवरून इंचांवर. बंगल्यांच्या जागी इमारती कधी आल्या ते इतिवृत्तात एका ओळीनेही नाही, पण या वर्गवारीवरून पाचेक वर्षांच्या अंतराने बोट ठेवून सांगता येतं.

तळाशी नियम. दोन नियम पहिल्या पत्रकापासून गेल्या वर्षीच्या पत्रकापर्यंत जसेच्या तसे आहेत. एक, झाड स्पर्धकाकडे किमान तीन महिने असलं पाहिजे. याचं कारण उघड आहे, आदल्या संध्याकाळी नर्सरीतून फुललेली कुंडी आणून मांडणारे लोक तेव्हाही होते. दुसरा नियम मात्र मी आत्तापर्यंत कधी नीट वाचलाच नव्हता. 'बक्षीस मिळालेल्या झाडाचे एक कलम अथवा रोप वर्षाच्या आत दुसऱ्या सभासदास देणे बंधनकारक राहील.' बंधनकारक! हे कुणी घातलं? सेक्रेटरींना विचारलं, खजिनदारांना विचारलं. दोघं म्हणाले, ते पहिल्यापासूनच आहे.

२१ जून, शुक्रवार

वटपौर्णिमा. बाजारात नेहमीसारखे फांद्यांचे ढीग. मंडळाच्या बायका फांदी विकत घेत नाहीत, उभ्या वडाला जातात. हे कधी ठरलं ते इतिवृत्तात सापडलं, चक्क ठराव आहे, 'एकमताने'. सूचक एक, अनुमोदक शून्य. शून्य अनुमोदकांचं एकमत फक्त आमच्याकडेच होऊ शकतं.

३० जून, रविवार

संस्थापक सभासदांपैकी हयात असलेल्या काकूंकडे गेले. वय ८७. बंगला कॉलनीच्या टोकाला, फाटकावर पाटी: 'रोप मागू नये. न मागता मिळते.' आत गेल्या गेल्या वास आला आणि मी थांबलेच. फाटकाच्या डाव्या हाताला अनंत, माझ्या उंचीच्या दीडपट, पांढरा भरलेला. कालची फुलं पिवळी पडून तशीच फांदीवर होती. अनंताचं हे मला आवडतं, कालचं फूल आणि आजचं फूल रंगावरून ओळखता येतं.

दुसऱ्या नियमाचं विचारलं. काकू हसल्या. "अगं, तो नियम नाही. ते पानशेत आहे."

मग दोन तास बसले. बरंचसं इथे उतरवून ठेवते, फलकावर मावणार नाही.

त्यांचं सासर नारायण पेठेत, वाडा, नदीपासून हाकेच्या अंतरावर. चौकात तुळस आणि अनंत. १२ जुलै १९६१ ला सकाळी पानशेतचं धरण फुटलं, त्या लोंढ्याने खालचं खडकवासलाही फुटलं, आणि दुपारपर्यंत पेठांत पाणी. काकू तेव्हा २४ वर्षांच्या, मुलगा कडेवर. पाणी ओसरल्यावर परत आल्या तर वाड्याची मातीची भिंत बसलेली, चौकात गुडघाभर गाळ, आणि गाळात कुणाच्या तरी घरचा पाटा. अनंत नव्हता. "भांडी गेली, ट्रंका गेल्या, त्याचं रडू नाही आलं. झाडाच्या जागी खड्डासुद्धा नव्हता, तेव्हा आलं."

पूरग्रस्तांना जागा मिळाल्या त्यातली त्यांची ही. तळजईच्या पायथ्याचा नुसता मुरूम. एकही झाड नाही, पहार मारली की ठिणगी उडायची. पुढच्या पावसाळ्यात त्यांची नणंद साताऱ्याहून आली ती डालड्याच्या डब्यात अनंताचं रोप घेऊन. लग्न होऊन जाताना तिने वाड्यातल्या झाडाची फांदी नेली होती. ती तिथे लागली होती, तिची ही फांदी. "म्हणजे माझंच झाड ना ते. मी दिलं होतं म्हणून परत आलं. नसतं दिलं तर?"

मी वहीत लिहीत होते, त्यांनी माझ्या पेनावर हात ठेवला. "झाड वाटून ठेवावं. आपलं गेलं तर मागायला तोंड राहतं."

मंडळ सुरू कसं झालं तेही कळलं. ७२ च्या दुष्काळात, नळाला पाणी कमी, रेशनवर मिलो ज्वारी, तिच्या लाल भाकऱ्या. धुण्याचं पाणी बादलीत धरून झाडांना घालायचं. ज्यांच्याकडे विहीर होती त्यांच्याकडे बाकीच्यांनी कुंड्या ठेवायला आणून दिल्या. कुणाची कुंडी कुठली ते कळावं म्हणून वही केली. ती वही म्हणजे मंडळ.

१९७२! आमचा सुवर्णमहोत्सव १९७५ च्या नोंदणीवरून धरलेला आहे. हे आज कुणाला सांगणार नाही.

१४ जुलै, रविवार

काकूंच्या बंगल्याचा करार झालाय. दिवाळीनंतर पाडणार, सात मजली इमारत. म्हणून आज गुट्या बांधल्या, म्हणजे फांदी झाडावर असतानाच तिला मुळं फुटवायची आणि मग कापून लावायची. पावसाळ्यात हवेत ओल असते, गुटीला मुळं लवकर सुटतात.

काकू खुर्चीवर, मी आणि त्यांची नात झाडापाशी. गेल्या वर्षीची, पेन्सिलीएवढी फांदी निवडायची. फार कोवळी कुजते, फार जून मुळं धरत नाही. पानांच्या जोडीच्या जरा खाली धारदार चाकूने भोवती गोल काप, एक इंच खाली दुसरा, मधली साल बांगडीसारखी सोलून काढायची. सोलल्यावर आतल्या लाकडावर एक ओला, बुळबुळीत थर राहतो. तो चाकूच्या पाठीने खरवडायचाच. मी पहिल्या फांदीला नीट खरवडला नाही. काकू तिथून ओरडल्या, "ते बुळबुळीत राहिलं तर साल परत जुळेल, मुळं कशाला सोडेल ते?" मग रात्रभर भिजवलेलं शेवाळ घट्ट पिळून, थेंब पडायचा थांबेपर्यंत पिळून, त्या जागेभोवती मुठीएवढं बसवायचं, वर प्लॅस्टिक, दोन्ही टोकं सुतळीने. दिवाळीच्या चॉकलेटसारखं दिसतं.

नऊ ठरवल्या होत्या. एका फांदीत माझा चाकू लाकडात गेला आणि ती मोडली. आठ.

काकूंनी जुनी वही दाखवली. त्यात एका पानावर: 'अनंत. पाने पिवळी, शिरा हिरव्या. हिराकस १ चहाचा चमचा, १ बादली. महिन्याने ताक पातळ.' इथल्या मुरमात चुनखडी, पाणीही जड, त्यामुळे जमिनीत लोह असूनही झाडाला उचलता येत नाही. म्हणून हिराकस, म्हणजे लोहाचं सल्फेट. अनंताला आंबट माती हवी. माझ्या कुंडीतल्या अनंताची पानं तीन वर्षं अशीच पिवळी होतात आणि मी तीन वर्षं त्याला शेणखतच घालतेय.

२५ जुलै, गुरुवार

रात्रभर पाऊस. खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि सिंहगड रोडला एकतानगरीत घरांत पाणी शिरलं. आपल्या एक सभासद वहिनी तिथेच तळमजल्यावर राहतात. माणसं सुखरूप, वरच्या मजल्यावर. फ्रिज, गाद्या, सगळं गेलं.

काकूंना फोन केला. पहिला प्रश्न, "माणसं?" दुसरा, "कुंड्या किती होत्या?"

४ ऑगस्ट, रविवार

मासिक सभा, रोपभिशी. ही प्रथा माहीत नसलेल्यांसाठी: पैशांच्या भिशीसारखीच, फक्त प्रत्येकाने महिन्याला एक रोप आणायचं, चिठ्ठी निघेल त्याला सगळी. आज २३ रोपं. वहिनी पहिल्यांदाच बाहेर पडल्या होत्या, चपलांना अजून चिखलाचा रंग. चिठ्ठी काढायला त्यांनाच बोलावलं. त्यांचंच नाव निघालं. त्या म्हणाल्या, "हे बरोबर नाही, परत काढा." परत काढली, परत त्यांचंच. वाडग्यातल्या सगळ्या चिठ्ठ्यांवर त्यांचंच नाव होतं. खजिनदारांचं अक्षर. खजिनदार तेव्हा चहाच्या किटलीत डोकावून बघत होते.

इतिवृत्तात सेक्रेटरींनी लिहिलंय: 'रोपभिशी नेहमीप्रमाणे झाली.'

११ ऑगस्ट, रविवार

अध्यक्षांशी पहिल्या फलकावरून वाद. त्यांना पेशव्यांपासून सुरुवात हवी. त्यांचं म्हणणं, पुण्यात बागांचा इतिहास नावांतच आहे: हिराबाग, सारसबाग, रमणबाग, मोतीबाग, विश्रामबाग. आपण राहतो पर्वतीच्या पलीकडे, आणि सारसबाग म्हणजे मुळात नानासाहेब पेशव्यांच्या काळातल्या तळ्यातलं बेट. तळं गेलं, बाग राहिली. हे सगळं खरं आहे. पण आपल्या मंडळाचा पेशव्यांशी संबंध एवढाच की कोपऱ्यावरच्या दुकानात पेशवाई थाळी मिळते.

मी म्हटलं, जोडायचंच तर जे खरंच जोडलेलं आहे ते जोडू. बक्षिसांचे वर्ग पाडून प्रदर्शन भरवायचं, चषक फिरवायचा, ही पद्धत पेशव्यांची नाही. पुण्यातल्या एम्प्रेस गार्डनची व्यवस्था बघणारी अॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया १८३० ची आहे. तिचं जानेवारीतलं पुष्पप्रदर्शन बघत बघत आपले संस्थापक शिकले. काकूंनीच सांगितलं, पहिल्या पत्रकाची वर्गवारी त्यांनी तिथे उभं राहून वहीत उतरवून आणली होती. (मुलांना त्या बागेत फुलांपेक्षा गारंबीची वेल आवडते. झाडांवरून झाडांवर गेलेली, अजगरासारखी, आणि हातभर लांब शेंगा.)

वाद घालता घालता मला स्वतःलाच एक गोष्ट हाती लागली ती दापोडी. मुंबईला जाताना आपण ज्या दापोडीवरून जातो तिथे १८२८ मध्ये सरकारी वनस्पती उद्यान होतं. डॉ. अलेक्झांडर गिब्सन त्याचे अधीक्षक होते, पुढे ते मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. त्यांनी त्या बागेतल्या झाडांची शंभरावर चित्रं काढून घेतली. ती आज एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात आहेत, आणि ज्याने ती काढली त्या चित्रकाराचं नाव कुठेही लिहिलेलं नाही. पुढे १८७३ मध्ये गणेशखिंडीतली बाग आली. ती अजून आहे, २०२० मध्ये तिला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. आणि इंजिनिअरिंग कॉलेजचे प्राचार्य थिओडोर कूक, शिकवायचे विज्ञान, पण मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींची मोठी सूची त्यांनी लिहिली, १९०१ ते १९०८ मध्ये ती छापून आली. अध्यक्ष स्वतः त्याच कॉलेजचे. कूकचं नाव ऐकल्यावर नरमले.

ठरलं ते असं: पहिल्या फलकावर वरच्या चौथाईत हे सगळं, खाली पानशेत.

६ सप्टेंबर, शुक्रवार

हरतालिका, उद्या गणपती. मंडळाची पत्री. ही प्रथा मला सगळ्यात आवडते आणि तिच्यात सगळ्यात जास्त गोंधळ होतो. २१ पत्री सभासदांनी आपापल्या कुंडीतून, अंगणातून किंवा तळजईवरून आणायच्या, विकतच्या जुड्या नाहीत. सकाळी सात वाजता ओट्यावर २१ ताटल्या.

माका, आघाडा, दूर्वा, तुळस, बेल, धोत्रा, रुई, कण्हेर, डाळिंब, जाई, पिंपळ, बोर यांची अडचण नाही. शमीवर दरवर्षी वाद. तिच्यासारखी दिसणारी काटेरी झुडपं लोक आणतात, आणि आमच्या निवृत्त वनस्पतीशास्त्राच्या बाई नुसत्या काट्यांवर बोट फिरवून परत पाठवतात. विष्णुक्रांता यंदा एकाच्या कुंडीत आपोआप उगवली होती, निळं फूल नखाएवढं. तो माणूस दिवसभर सगळ्यांना तेच सांगत होता. अगस्ती म्हणजे हादगा, हे नव्या मुलींना माहीत नव्हतं. "भोंडल्यातला हादगा?" हो, तोच.

देवदाराची ताटली रिकामी. हिमालयातलं झाड पुण्यात कुठून येणार? कुणी अशोकाची डहाळी ठेवायचा, कुणी सुरूची. दोन वर्षांपूर्वी बाईंनी फतवा काढला, खोटी डहाळी ठेवू नका, ताटली रिकामी ठेवा आणि चिठ्ठी लावा. आज चिठ्ठीवर लिहिलं होतं: 'देवदार. येथे होत नाही.' मी फोटो काढला. दुसऱ्या फलकावर हाच.

२२ सप्टेंबर, रविवार

गुट्या उघडल्या. प्लॅस्टिकमधून पांढरी मुळं दिसत होती त्या पाच उतरवल्या, मुळांच्या खाली कात्रीने कापून शेवाळासकट कुंडीत. दोन नुसत्या सुजलेल्या, मूळ नाही. आठव्यात मुंग्यांनी घर केलं होतं.

माती: दोन भाग पोयटा, एक भाग पालापाचोळ्याचं खत, मूठभर निंबोळी पेंड. चुनखडीचा खडा दिसला तर वेचून टाकायचा.

१३ ऑक्टोबर, रविवार

दसरा काल झाला. आज मंडळाची गुलाबछाटणी. पावसाळा संपला, ऊन स्थिर झालं की छाटायचे, म्हणजे सहा-सात आठवड्यांत फूल येतं. काडी तिरकी, बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या वर पाव इंच. ज्यावर कलम बांधलेलं असतं त्या खुंटातून फुटलेला फुटवा खालपासून उपटून काढायचा, कापायचा नाही, कापला की दुप्पट जोमाने येतो. नव्या सभासदांना छाटायला सांगितलं की त्या नखं कापल्यासारखं टोक छाटतात. आमचे सासरे म्हणायचे, गुलाब छाटताना शेजाऱ्याचा आहे असं समजावं.

झेंडूच्या तोरणांकडे बघून बाईंनी पुन्हा तेच भाषण केलं. झेंडू मेक्सिकोचा, डेलिया मेक्सिकोचा, शेवंती चीनची, गुलमोहर मादागास्करचा, देवळापुढचा पांढरा चाफासुद्धा अमेरिकेतून आलेला. 'देशी झाडं' असा वेगळा वर्ग करायचा का, यावर तासभर. ठराव झाला नाही. माझं मत: वर्ग करा, पण झेंडूला दाराबाहेर काढू नका. तोरणात त्याला घेतलंच आहे ना.

२० ऑक्टोबर, रविवार

दिवाळीची सफाई. माळ्यावर जुन्या गाद्यांच्या मागे एक कापडात गुंडाळलेलं भांडं सापडलं. चांदीचा मुलामा काळा पडलेला. फिरता चषक. झाकण नाही.

सासऱ्यांनी तो परत केलाच नव्हता. डेलियाच्या भांडणाचं खरं कारण बक्षीस नव्हतं तर, हे होतं. ११ वर्षं शेजारी बोलले नाहीत आणि चषक आमच्या डोक्यावर. सासूबाई गेल्या, सासरे गेले, विचारायचं कुणाला. चिंच लावून घासला. त्यावर कोरलेली शेवटची दोन नावं: एक शेजाऱ्यांचं, एक आमचं.

१० नोव्हेंबर, रविवार

बंगल्याचं छप्पर उतरवलं. मंगळवारी यंत्र येणार म्हणून आज अनंत हलवला. चार माणसं, दोन पहारी. दोन फुटांवरून गोल खणत गेलो. खाली मुरूमच, मुळं त्याच्या भेगांतून गेलेली, गोळा धरेना. गोणपाटात गुंडाळून हातगाडीवरून शेजारच्या सोसायटीच्या मोकळ्या जागेत नेला. निम्मा छाटला. गाडीवर तो आडवा पडला होता आणि मागे काकूंची नात फांद्या जमिनीला लागू नयेत म्हणून धरून चालत होती.

काकू आता नातवाकडे बाणेरला. त्या आल्या नव्हत्या. बरं केलं.

१ डिसेंबर, रविवार

आज सांगितलं. १९७२ ची वही दाखवली: कुंड्या कुणाच्या, कुणाकडे, तारखेसकट. म्हणजे सुवर्णमहोत्सव दोन वर्षांपूर्वीच होऊन गेला, आणि आपण त्या दिवशी काय केलं? बहुधा चहा.

अध्यक्ष म्हणाले, नोंदणी १९७५ ची, कायद्याने तेव्हाच जन्म. सेक्रेटरी म्हणाले, आमंत्रणपत्रिका छापून झाल्यात. बाई म्हणाल्या, बी पेरल्यापासून मोजायचं की उगवल्यापासून? खजिनदार म्हणाले, देणग्या १९७५ धरून घेतल्यात. शेवटी फलकावर: 'नोंदणी १९७५. कुंड्यांची वही १९७२.' ज्याने त्याने मोजून घ्यावं.

चषक मी टेबलावर ठेवला आणि झाकण त्यावर. बसलं. कुणी काही विचारलं नाही, पण सेक्रेटरींनी इतिवृत्तात लिहिलं, 'चषक प्राप्त झाला.'

अनंताची पानं सगळी गळली आहेत.

२२ डिसेंबर, रविवार

तिसऱ्या फलकाचं काम. गच्चीवरच्या वाफ्यांचं आकृतीचित्र: खाली रसवंतीवरून आणलेलं उसाचं चिपाड, वर पालापाचोळा, वर स्वयंपाकघरातला ओला कचरा, माती अगदी थोडी, म्हणजे स्लॅबवर वजन येत नाही. गांडूळखत आणि पावसाचं पाणी साठवणं यांसाठी महापालिका मिळकतकरात ५ ते १० टक्के सवलत देते तेही लिहिलं. पुणेकर फलकाचा हा भाग उभं राहून वाचेल, बाकीचा चालता चालता.

१४ जानेवारी २०२५, मंगळवार

संक्रांत. हळदीकुंकू आणि वाण. मंडळात वाण प्लॅस्टिकचं नसतं, रोपाचं असतं. यंदा ४० वहिनी आल्या, ओवा, पुदिना, गवती चहा, कोरफड. अनंताच्या पाच कुंड्या मात्र वेगळ्या ठेवल्या होत्या. एक एकतानगरीच्या वहिनींना, एक बाईंना, एक काकूंच्या नातीला, एक 'त्या' शेजाऱ्यांच्या सुनेला. तिला देताना मी काही बोलले नाही, तीही नाही. तिळगूळ दिला. पाचवी माझ्याकडे.

१८ जानेवारी, शनिवार

प्रदर्शन. चौथा फलक म्हणजे काकूंच्या अनंताची वंशावळ, मला माहीत होती तेवढी: वाडा, सातारा, डालड्याचा डबा, सहकारनगर, आणि तिथून १४ घरं. खाली जागा मोकळी सोडून पेन्सिल दोऱ्याने बांधली होती. दुपारी तीनपर्यंत जागा संपली. धनकवडी, बिबवेवाडी, एक चिंचवड, एक 'मुलीकडे, नाशिक, मागच्या पावसाळ्यात मेलं'. एकाने लिहिलंय, 'आमचं यांच्याकडून नाही, पण वास तोच.' फलकाखाली कोरा कागद चिकटवला. तोही भरला.

काकू व्हीलचेअरवर आल्या. फलक वाचला नाही, खालचा कागद वाचला. नाशिकच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या, "हिला दे एक."

२१ जानेवारी, मंगळवार

फलक उतरवले. ट्रंकेत डांबराच्या गोळ्या घातल्या.

हलवलेल्या अनंताच्या खोडाला नखाने खरवडून पाहिलं, तीन ठिकाणी. तपकिरी. बुंध्यापाशीही तपकिरी. माळी म्हणाला, काढून टाकू, जागा अडते. काकूंना फोन केला. त्या म्हणाल्या काढ, पण खड्डा बुजवू नको, जूनमध्ये तुझ्याकडचा तिथे लाव.

माझ्याकडच्याची पानं पिवळी पडायला लागलीत, शिरा हिरव्या. हिराकस पाव किलो आणायची. नाशिकच्या बाईंचा पत्ता सेक्रेटरींकडून घ्यायचा.